वाट बघणारे

दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, नुकतीच सुटली होती. तिच्यावर एक टेम्पो, दोन गाड्या आणि सात-आठ मोटारसायकली दिसत होत्या. कठड्याला टेकलेली माणसं हळूहळू लहान होत चालली होती. समोर धोपावे, मधे वाशिष्ठीची खाडी, संध्याकाळच्या भरतीनं तुडुंब. काकांनी सुमोचं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "आता ती पलीकडे लागणार, रिकामी होणार, भरणार, मग येणार. पाय मोकळे करा."

आम्ही उतरलो. टपावरची ताडपत्री बघितली, दोरीच्या गाठी चाचपल्या. ड्रमचे गोल डबे वर, अँप्लिफायर मागच्या सीटवर, केबलींची पेटी माझ्या पायाशी. आदल्या रात्री हर्णैला वाजवलं होतं, दुसऱ्या दिवशी गुहागरला वाजवायचं होतं. रस्त्यानं जायचं तर खेड, चिपळूण करत मोठा वळसा, आणि चिपळूण म्हणजे आमचं घर. दौऱ्यात मधेच घरावरून गेलं की पाय अडकतो. कोणीतरी 'मी सकाळी येऊन मिळतो' म्हणतो आणि चौघांची मोट सुटते. म्हणून बोट.

बँडच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. डिझेल, बोटीचं भाडं, तारांचा सेट, चहा, सगळं तिच्यात. एकदा सहज म्हणून मी पैशांऐवजी वेळ मांडला. तीन दिवसांचा दौरा, तीन कार्यक्रम. प्रत्यक्ष वाजवलं ते सगळं मिळून अडीच तास. गाडी चालत होती ते साधारण अकरा तास. झोप, जेवण, सामान चढवणं-उतरवणं वजा केलं तरी एक मोठा तुकडा उरला, आणि त्याच्यापुढे काय लिहावं हे मला सुचेना. शेवटी लिहिलं, 'वाट बघितली'.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. आपल्या भाषेत चालायची ती वाट, आणि बघायची तीही वाट. ज्या रस्त्यानं कोणी यायचं आहे त्या रस्त्याकडे डोळे लावून बसणं. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरणारी पहिली माणसं खाडीकाठी राहत असावीत, असं मला उगाचच वाटतं. इथे रस्ता पाण्यापाशी येऊन संपतो आणि पुढचा रस्ता पलीकडून यावा लागतो.

*

आम्ही चौघे आणि काका. गाणारा आणि गिटार धरणारा मित्र शाळेत गणित शिकवतो. दुसऱ्या गिटारवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक सोल्डरिंगची त्याची सवय आमच्या केबलींना फार उपयोगी पडते. ड्रमरचे वडील गावाकडे नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवायचे. मी बास गिटार वाजवतो आणि एरवी लोट्याला एमआयडीसीत पाळीची नोकरी करतो. काका आंब्याच्या हंगामात पिकअप घेऊन वाशीच्या बाजारात पेट्या पोहोचवतात. म्हणून हापूस ऐन भरात आला की आमचे दौरे थांबतात. पुढे पाऊस. तेव्हा आमचं वर्ष दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचं, फार तर गुढीपाडव्यापर्यंतचं.

बँड म्हणून आम्हाला कोणी ओळखत नाही. गावात गाडी शिरली की पोरं ओरडतात, "ऑर्केस्ट्रा आला!" सुरुवातीला आम्ही समजावून सांगायचो की ऑर्केस्ट्रा वेगळा, तो सिनेमाची गाणी म्हणतो, आमची गाणी आम्ही लिहिलेली असतात. आता सांगत नाही. त्या ओरडण्यात जो आनंद असतो तो आमच्या नावापेक्षा मोठा आहे.

कार्यक्रम ठरतात तेही इथल्याच पद्धतीनं. वाडीचं एक ग्रामीण मंडळ असतं आणि एक मुंबई मंडळ असतं. वार्षिक सत्यनारायणाची पूजा, माघी गणपती, क्रिकेटची स्पर्धा, काहीतरी निमित्त असतं. पैसा बराचसा मुंबईहून येतो, मांडव गावचे लोक घालतात. मुंबई मंडळातल्या एखाद्या पोरानं आम्हाला मोबाइलवर ऐकलेलं असतं आणि तो हट्ट धरतो. गावातली जाणती माणसं विचारतात, "ह्यात नमन आहे का? नाटक आहे का? मग आहे काय?" मग त्या पोराला आमच्यासाठी भांडावं लागतं. अशी किती पोरं आमच्यासाठी भांडली असतील! बहुतेकांची तोंडंही मला आठवत नाहीत, आणि ह्याची मला खंत आहे.

आपल्याकडे रॉक संगीत आलं ते मुंबईत आणि इंग्रजीतून. १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन, जो पुढे इंडस क्रीड झाला, किंवा १९८६ पासून रंगभवनच्या उघड्या रंगमंचावर भरू लागलेला इंडिपेंडन्स रॉक, ह्या गोष्टी आम्ही मोठ्यांकडून ऐकल्या. ते रंगभवनही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात गप्प झालं. केरळातल्या अवियलनं मल्याळममध्ये रॉक गायला सुरुवात केली तेव्हा आम्ही शाळेत होतो. पुढे कॉलेजात असताना कोणीतरी त्यांची गाणी पेनड्राइव्हवर आणली. एक शब्द कळत नव्हता, आणि तरी पहिल्यांदा वाटलं की हे आपल्या घरातल्या भाषेत होऊ शकतं. माडांखालून, खाडीच्या वासातून होऊ शकतं. त्या दुपारनंतर आमच्या गाणाऱ्यानं इंग्रजीत एक ओळ लिहिलेली नाही.

*

किनाऱ्यावर वाजवणाऱ्याचं निम्मं आयुष्य हवेशी झगडण्यात जातं. खाऱ्या हवेत गिटारच्या तारा चार दिवसांत खरखरीत होतात. घाम आणि मीठ मिळून त्यांना असे काही खातात की हात फिरवला तर बोटाला तांबूस डाग लागतो. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आक्रसतं, गिटारची मान वाकते, आणि मग मानेतला लोखंडी गज चावीनं पाव फेरा फिरवून ती सरळ करावी लागते. सकाळी हर्णैच्या बंदरात सुरात लावलेली गिटार दुपारी कातळावरच्या सड्यावर नेली की बेसूर होते. आमच्या गिटारवाल्यानं घरातल्या शेवयांच्या डब्यातून, बुटांच्या खोक्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या आहेत. प्रत्येक पेटीत मूठभर. महिन्याकाठी त्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा भरतो. कोणी न सांगता करतो. त्याचे मी एकदाही आभार मानलेले नाहीत. इथे लिहून ठेवतो.

पण हवेपेक्षा विजेची गोष्ट मला जास्त सांगायची आहे, कारण ती माझी आहे. बासवाल्याच्या कानाला सगळ्यात आधी ऐकू येते ती 'हम'. अँप्लिफायर चालू केला, अजून एकही तार छेडली नाही, आणि तरी आत कोणीतरी घुमत असतं. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, तेच हे घुमणं. बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर साधारण ४१ कंपनं. तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की ४९. म्हणजे ही 'हम' माझ्या तिसऱ्या पडद्याच्या किंचित वर कायम बसलेली असते. मी वाजवायच्या आधीपासून ती वाजत असते आणि मी थांबल्यावरही.

ती वाढते अर्थिंग नीट नसलं की. वाडीतल्या मांडवात वीज येते ती कधी देवळातून, कधी शेजारच्या घरातून, कधी दोन्हीकडून. गिटारचा अँप्लिफायर एका बोर्डावर, माइकचा मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोन्हींचं अर्थिंग वेगवेगळं. गाणाऱ्याचा हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की त्या दोन्हींमधला फरक त्याच्या अंगातून जातो. दोन वर्षांपूर्वी एका गावी तो पहिलीच ओळ गाताना मागे फेकला गेला. खालचा ओठ पांढरा पडलेला. लोकांना वाटलं, ही ह्यांची नाचायची रीत. मी बास टाकून धावलो ते अजून आठवतं. तेव्हापासून सगळी वीज एकाच बोर्डावरून घ्यायची, मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायचा, आणि आकडा मनासारखा येईपर्यंत कोणी माइकला तोंड लावायचं नाही, हा आमचा नियम आहे. आयोजक घाई करतात. कोणी रागावतं. मी ऐकत नाही.

जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग धरायला अवघड. पावसाळ्यात हा दगड पाण्यानं गच्च असतो, पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्यातलं पाणी निथळून जातं आणि जमीन वीज घेईनाशी होते. त्याच गावातल्या म्हाताऱ्या वायरमननी मला ह्यावरचा उपाय दाखवला. देवळामागचा अर्थिंगचा खड्डा त्यांनी उकरला. आत मीठ-कोळसा होताच, पण कोरडा ठणठणीत. त्यांनी घरातून खडेमीठ मागवलं, दोन ओंजळी टाकलं आणि विहिरीचं पाणी ओतायला लागले. एक कळशी, दोन, तीन. जमीन घटाघटा प्यायली. मग म्हणाले, "आता वाईच थांबा. मुरूदे." आम्ही खड्ड्याभोवती उकिडवे बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी मांडवात जाऊन अँप्लिफायर लावला तर घुमणं इतकं खाली गेलेलं की मला आधी वाटलं वीजच गेली. मंडळाचे सेक्रेटरी घड्याळ बघत होते. वायरमन त्यांना म्हणाले, "जमिनीला तहान लागली होती."

आमची नदी आणि आमची वीज ह्यांचं नातं मला फार उशिरा कळलं, तेही चिपळूणचा असून. कोयना खरी पूर्वेला जाणारी नदी. तिचं पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. ते धरणात अडवून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवलं. १९६० च्या दशकात पोफळीचं वीजघर सुरू झालं, आणि आज सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट आहे. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत सुटतं, चिपळूणवरून वाहतं, आणि दाभोळला समुद्राला मिळतं. कुठल्या वीजघरातला दिवा कुठल्या घरात लागतो हे आता सांगता येत नाही. २०१३ च्या अखेरपासून सगळा देश एकाच ग्रीडला जोडलेला आहे आणि सगळीकडची 'हम' एकाच सुरात आहे. तरी दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून खाडीकडे बघताना मला वाटतं, ह्यातलं काही पाणी माझ्या अँप्लिफायरमधून जाऊन आलेलं आहे.

*

२२ जुलै २०२१. त्या दिवसाबद्दल चिपळूणच्या माणसाला फार बोलवत नाही. सह्याद्रीत पाऊस कोसळत होता, खाडीला भरती होती, आणि पहाटे वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. आमची तालमीची खोली बाजारामागे, तळमजल्यावर. पाणी छताला टेकलं. माणसं वाचली, आमच्यातल्या सगळ्यांची घरची माणसं वाचली. ह्यापुढे सामानाचं दुःख करणं त्या दिवसांत लाजिरवाणं वाटायचं. शेजारच्या किराणावाल्याचं सगळं आयुष्य चिखलात बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी कुलूप तोडलं. दार चिखलानं धरून ठेवलेलं. ड्रमची पिंपं प्लायवूडची असतात, पातळ लाकडाचे थर डिंकानं एकावर एक चिकटवलेले. पाण्यात दोन दिवस राहून ते थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. माझा अँप्लिफायर गेला. गणितवाल्याच्या कवितांच्या वह्या गेल्या. ड्रमर काही न बोलता फावड्यानं चिखल ओढत होता. कपाटाखालून पहिली झांज निघाली, मग दुसरी, मग तिसरी. काशाच्या त्या. वाकल्या नव्हत्या, चिरल्या नव्हत्या.

त्याच्या आईनं त्या घरी नेल्या. त्या दिवसांत पाणी टँकरचं, तेही रांगेत. तरी तिनं देवघरातली समई घासतात तशा चिंच लावून त्या झांजा घासल्या. चिखल गेला, त्याबरोबर कंपनीचं छापलेलं नावही गेलं. पडवीत दोरीवर टांगून ठेवल्या होत्या. मी गेलो तेव्हा ड्रमर बोटाच्या नखानं त्यांच्या कडेला हलकेच टिचकी मारत होता आणि आवाज विरेपर्यंत कान लावून बसत होता. मग पुढची टिचकी. आम्ही बराच वेळ तेवढंच ऐकलं. सात महिने बँड म्हणून आमच्याकडे त्या तीन झांजा, माळ्यावर ठेवलेला माझा बास आणि दोन गिटारी एवढंच होतं.

नवीन ड्रम कधी घेता येतील, खोली कधी मिळेल, कोणी बोलावेल का, सगळ्याची वाट बघत होतो. त्या सात महिन्यांत आम्ही विजेशिवाय बसलो, पडव्यांतून, अंगणांतून, आणि एकमेकांना ऐकायला शिकलो. आधी आम्ही मोठ्यानं वाजवायचो. दुसरा काय करतो हे मला ऐकूच येत नसे, मी फक्त माझं मोजत असे. पडवीत बास जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून बाकीचे तिघे माझ्यासाठी हळू वाजवायला लागले. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. आजही भर कार्यक्रमात, सगळा आवाज वर असताना, एखाद्या कडव्यात तिघेही एकदम खाली येतात आणि मला जागा करून देतात. ऐकणाऱ्याला कळत नाही. मला दर वेळी ती पडवी आठवते.

*

मालवणच्या दक्षिणेला एका गावच्या जत्रेतली रात्र आहे, ती सांगायची राहिली तर हे सगळं लिहिणं अपुरं.

तिकडे जत्रा म्हणजे दशावतार. कार्तिकापासून दशावतारी मंडळ्यांचा फिरता हंगाम सुरू होतो. आज हे गाव, उद्या ते. रात्रभर नाटक, पहाटे दहीकाला, दिवसा प्रवास आणि झोप, पुन्हा रात्री नाटक. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, ही घराण्यांच्या नावांची मंडळं आमच्याकडेही माहीत. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, संवाद तिथेच सुचतात. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच वन, तेच कैलास. असं मी लहानपणापासून ऐकून होतो, पण कंपनीच्या शेजारी राहून कधी बघितलं नव्हतं.

त्या गावच्या चाकरमानी पोरांनी आम्हाला संध्याकाळी सात ते नऊ एवढी वेळ मिळवून दिली होती. नंतर पालखी, नंतर नाटक. आम्ही दुपारी पोहोचलो तर देवळामागच्या धर्मशाळेत दशावतारी मंडळी आधीच उतरलेली. पेटारे भिंतीला लावलेले, चटया अंथरलेल्या, काही जण तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेले. आम्ही सामान घेऊन दारात उभे. एका वयस्कर माणसानं उठून आपली चटई सरकवली आणि म्हटलं, "येवा. जेवलात काय?" आम्ही म्हटलं, आधी साऊंड लावतो, उशीर होतोय. ते म्हणाले, "आधी जेवा. नाटक खंय पळान जाता?"

जेवलो. भात, वाटाण्याची आमटी, सोलकढी. मग साऊंड लावला. अर्थिंग तपासलं, बरं होतं, पण देवळाची वायरिंग जुनी, थोडी 'हम' राहिलीच. सात वाजता सुरू केलं. लोक लांब उभे होते, जत्रेतली दुकानं बघत. हळूहळू पुढे आले. चौथ्या गाण्याला पोरं नाचली, पाचव्याला काही बायका कडेच्या पाखाडीवर बसून ऐकायला लागल्या. चांगलं झालं. फार चांगलं म्हणणार नाही, पण खरं झालं.

नऊला थांबलो. पालखी फिरली. दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या नियमांचा दंडक त्या वर्षी देवस्थाननं कटाक्षानं पाळायचं ठरवलं होतं. मला वाटलं, आता नाटकाचं कसं होणार? एवढा जनसमुदाय, उघडं मैदान.

धर्मशाळेत गेलो तर प्रत्येक नट आपापला आरसा घेऊन बसलेला. प्रत्येकानं आपला चेहरा आपणच रंगवायचा. घाई कुणालाच नव्हती. स्त्रीभूमिका करणारा एक तरुण डोळ्याखालची रेघ ओढत होता. ओढायची, लांब धरून बघायचं, पुसायची, पुन्हा ओढायची. एवढं सावकाश मी कधी कोणाला तयार होताना बघितलं नव्हतं. आम्ही रंगमंचावर चढायच्या आधी नुसते येरझाऱ्या घालतो, मोबाइल बघतो. हे लोक तो वेळ वापरत होते. आरशासमोर बसलेला माणूस आणि देवी, दोन्ही एकाच चटईवर होते, आणि एकातून दुसरी हळूहळू येत होती.

साडेअकराला नाटक उभं राहिलं. माइक नाही. पायपेटी, पखवाज, झांज आणि गळे. पहिली पाच मिनिटं मला काही नीट ऐकू आलं नाही, कानात आमचाच आवाज भरलेला होता. मग तो ओसरला. मैदानभर माणसं, आणि मागच्या चणेवाल्यापर्यंत शब्द जात होता. नट तोंड कुठे वळवतो, शेवटचं अक्षर किती लांबवतो, पखवाज कुठे दबतो, हे मी बघत राहिलो. आणि लोक शांत बसले होते, कारण शांत बसलं नाही तर ऐकू येणार नव्हतं. ड्रमर माझ्या शेजारी बसला होता. त्याची बोटं पूर्णवेळ गुडघ्यावर पखवाजाबरोबर चालत होती. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पहाटे दहीकाला झाल्यावर चहा प्यायला बसलो तेव्हा ते दुपारचे वयस्कर गृहस्थ आले. ते पेटीवाले निघाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा ता मशीन सारख्या गुणगुणता हा. आमका हयसर आयकूक येता."

मी म्हटलं, हो, वायरिंग जुनी आहे, तो विजेचा आवाज.

"पांढरी पाच आणि काळी चारच्या मधी खंयतरी," ते म्हणाले. "तुमी मात्र पांढरी तीनात वाजवलात."

मी कप खाली ठेवला. पेटीवरची पांढरी पाच म्हणजे त्या सप्तकात ४९ कंपनं, काळी चार म्हणजे जवळपास ५२. मधे ५०. मी हे आकडे पुस्तकातून आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवरून शिकलो होतो. त्यांनी संध्याकाळी चटईवर पडल्या पडल्या, आपली वेळ यायची वाट बघत असताना, नुसत्या कानानं ते काढलं होतं. आणि आमचं सगळं ऐकलं होतं, अगदी आम्ही वाजवत नव्हतो तेही.

मी विचारलं, "आमची गाणी कशी वाटली?"

त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाले, "दुसरा बरा होता. त्यात तुमी मधी थांबलात."

*

सगळे दिवस असे नसतात. एका ३१ डिसेंबरला एका रिसॉर्टवर आमच्या दोन गाण्यांनंतर सांगण्यात आलं की हे बंद करा आणि नाचायची गाणी लावा. उरलेले पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललेलं, त्याच्या वळणवाटांवर सुमोचा पाटा दोनदा मोडला. रात्री दोन वाजता, आजूबाजूला काळोख आणि खोदलेली माती. ह्यावर अजून लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वाट बघणारे फक्त आम्हीच नाही, हेही मला उशिरा उमगलं. आम्ही तिसऱ्या रात्री परततो तेव्हा तीन-साडेतीन वाजलेले असतात. पाखाडीच्या वरच्या टोकाला आमचं घर. खालच्या वळणावरूनच पडवीतला दिवा दिसतो. आई जागी असते, आणि जागी नव्हते असं दाखवते. मी पायऱ्यांवर अँप्लिफायर ठेवला की आतून आवाज येतो, "पाणी गरम आहे." बस्स, एवढंच. कसा झाला कार्यक्रम, पैसे मिळाले का, ह्यातलं काही ती विचारत नाही. ड्रमरची आई तर झांजा मोजून घेते. तिन्ही आहेत ना? मग ती निजते.

गणितवाला पुढच्या जूनपासून पुण्याला जातो आहे. चांगली नोकरी आहे, बायकोचीही तिकडेच. त्यानं हे हर्णैला किनाऱ्यावर सांगितलं, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाच्या गोंगाटात, बहुधा मुद्दाम त्या गोंगाटात. आम्ही कोणी त्याला राहा म्हटलं नाही. त्या रात्री त्यानं जे गायलं ते मी बास वाजवत असूनही ऐकत राहिलो, आणि एका जागी माझं बोट चुकलं.

दाभोळच्या धक्क्यावर आता काळोख पडायला लागला होता. जेटीशेजारच्या जुन्या मशिदीचा घुमट आभाळावर काळा दिसत होता. चहाच्या टपरीवाल्यानं बल्ब लावला. पलीकडे धोपाव्याला दोन दिवे हलले, वेगळे झाले, आणि त्यातला एक आमच्या दिशेनं मोठा व्हायला लागला. पाण्यावरून इंजिनचा आवाज आधी आला, बोट नंतर.

चौघेही कठड्याशी उभे होतो. ड्रमर म्हणाला, "काळी एक."

"पांढरी दोन," गिटारवाला म्हणाला.

गणितवाल्यानं डोळे मिटले, मान थोडी कलती केली. पेटीवाल्यांनी शिकवलं तसं, घाई न करता. बोट जवळ येत होती. काकांनी सुमो चालू करण्यासाठी चावी लावली, आणि आमच्याकडे बघून पुन्हा हात मागे घेतला.